स्वस्त डिस्क, भरवशाचा साठा: घरगुती सर्व्हरची वाटचाल

घरातील सगळ्यांची छायाचित्रे, कागदपत्रे, चित्रफिती आणि बॅकअप एका जागी ठेवणारा, दिवसरात्र चालू राहणारा आणि घराबाहेरूनही वापरता येणारा संगणक म्हणजे घरगुती सर्व्हर. त्याचे काम मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरसारखेच असते, पण खर्च घराला परवडेल इतकाच असावा लागतो. हे सामान स्वस्तात कसे जमवायचे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक दशकात बदलत गेले. सुरुवातीला डिस्क महाग होती. डिस्क उतरली तेव्हा यंत्र आणि सॉफ्टवेअर महाग होते. तीही उतरली तेव्हा वीजबिल डोळ्यांत भरू लागले. या साऱ्या काळात एक गोष्ट मात्र कायम राहिली: स्वस्त सामान कधी ना कधी बिघडणारच हे धरून चालायचे आणि बिघाड झाला तरी साठा शाबूत राहील अशी रचना करायची.

डिस्क महाग होती तेव्हा

चुंबकीय चकत्यांवर माहिती साठवणारे पहिले व्यापारी यंत्र आयबीएमने १९५६ मध्ये बाजारात आणले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली ते तयार झाले होते. ३०५ रामॅक या संगणकाच्या डिस्क विभागात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकाच दांड्यावर फिरत, आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही तेवढी जागा घेते. या यंत्रणेचे भाडे महिन्याला सुमारे ३,२०० डॉलर होते. बँका, कारखाने आणि सरकारी खाती यांच्यापलीकडे कोणालाच ते परवडण्यासारखे नव्हते.

डिस्क टेबलावरच्या संगणकात मावू लागली ती १९८० मध्ये. अॅलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांनी उभारलेल्या सीगेट कंपनीच्या एसटी-५०६ या सव्वापाच इंची डिस्कमध्ये ५ मेगाबाइट मावत आणि तिची किंमत सुमारे १,५०० डॉलर होती. पुढे १९८३ मध्ये स्कॉटलंडच्या रोडाइम कंपनीने साडेतीन इंची डिस्क आणली. घरगुती सर्व्हरसाठी आजही प्रामुख्याने याच मापाची डिस्क घेतली जाते. वैयक्तिक संगणकांचा खप वाढत गेला तशा या छोट्या डिस्क लाखोंच्या संख्येने बनू लागल्या आणि त्यांचा दर मेगाबाइटमागे मोठ्या संगणकांच्या डिस्कशी बरोबरी करू लागला.

स्वस्त डिस्कांचा संच

या बदलाचा अर्थ सर्वांत नेमका ओळखला तो बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी. १९८८ मधील त्यांच्या शोधनिबंधात एक सरळ हिशोब होता. आयबीएमच्या ३३८० या मोठ्या डिस्कची क्षमता ७,५०० मेगाबाइट होती, तर कॉनर कंपनीच्या छोट्या डिस्कची १०० मेगाबाइट. अशा अनेक छोट्या डिस्क एकत्र जोडल्या तर जागा, वीज आणि किंमत या तिन्ही बाबतींत फायदा होता. अडचण होती ती टिकाऊपणाची. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असे धरले, तर १०० डिस्कांच्या संचात दर ३०० तासांनी, म्हणजे दोन आठवडेही व्हायच्या आत, एक डिस्क बंद पडणार. नुसत्या जोडलेल्या स्वस्त डिस्कांवर म्हणूनच विसंबता येत नव्हते.

त्यावरचा उपाय म्हणजे ‘रेड’, एक डिस्क गेली तरी माहिती टिकवणारा स्वस्त डिस्कांचा संच. या निबंधात रेडच्या पाच पातळ्या मांडल्या होत्या. पहिली अगदी सोपी: तीच माहिती दोन डिस्कांवर लिहायची. पाचवी काटकसरीची, आणि तिचे गणित समविषमाचे आहे. समजा, तीन डिस्कांवर एकाच जागी १, ० आणि १ हे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर असा अंक लिहायचा की चारही मिळून १ची संख्या सम व्हावी. येथे दोन वेळा १ आधीच आहे, म्हणून चौथा अंक ०. दुसरी डिस्क बंद पडली तर १, १ आणि ० एवढे अंक उरतात. त्यांत १ची संख्या समच आहे, तेव्हा हरवलेला अंक ० होता हे निश्चित सांगता येते. या रीतीने चार डिस्कांच्या संचात केवळ एका डिस्कची जागा संरक्षणासाठी खर्ची पडते. हा तपासणीचा अंक एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटून लिहायचा, हे पाचव्या पातळीचे वैशिष्ट्य. घरात दोन डिस्क असतील तर पहिली पातळी आणि तीन किंवा अधिक असतील तर पाचवी, हा पुढे रूढ झालेला प्रघात याच निबंधातून आला.

मोडीतला संगणक आणि मोफत सॉफ्टवेअर

१९९०च्या दशकात कार्यालयातील फायली सर्वांना पुरवण्यासाठी नॉव्हेल नेटवेअर किंवा विंडोज एनटी चालवणारा सर्व्हर लागे आणि त्याच्या परवान्याला भरपूर पैसे मोजावे लागत. हा अडसर दोन मोफत प्रकल्पांनी दूर केला. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकणारे अँड्र्यू ट्रिजेल यांनी वैयक्तिक संगणक आणि फायली पुरवणारा सर्व्हर यांच्यात जाणारे संदेश टिपून त्यांची भाषा उलगडली आणि तीच भाषा बोलणारा कार्यक्रम लिहिला. तो पुढे सांबा या नावाने जगभर गेला. लिनक्स आणि सांबा घातलेला जुना पेंटियम संगणक विंडोज वापरणाऱ्या घराला किंवा छोट्या कार्यालयाला फायली पुरवू लागला. लिनक्समध्ये रेडची सोय सॉफ्टवेअरमधूनच झाली, तेव्हा त्यासाठी वेगळे महागडे कार्ड घेण्याची गरजही संपली.

घरगुती सर्व्हरची पहिली पिढी ही अशी कार्यालयांनी काढून टाकलेल्या यंत्रांची होती. यंत्र जवळजवळ फुकट मिळे आणि खर्च उरे तो नव्या डिस्कचा. तोही झपाट्याने उतरत होता. अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेला ‘महाचुंबकीय रोध’ हा परिणाम वापरून आयबीएमने १९९७ मध्ये डिस्कचे अधिक संवेदनशील वाचक-टोक बाजारात आणले. तेवढ्याच चकतीवर कितीतरी जास्त माहिती बसू लागली. या शोधासाठी दोघांना २००७चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी हिताचीने १ टेराबाइटची पहिली डिस्क ३९९ डॉलरला विकायला काढली.

तयार पेट्या

जुना संगणक आवाज करी, जागा अडवी आणि तो चालता ठेवायला लिनक्सची जाण लागे. ज्यांना हा खटाटोप नको होता त्यांच्यासाठी छोट्या तयार पेट्या आल्या. कोबाल्ट कंपनीचा क्यूब हा निळा चौकोनी सर्व्हर १९९८ मध्ये आला. वेब पानावरून सगळी व्यवस्था पाहण्याची सोय त्यात होती. तैवानमध्ये २००० मध्ये स्थापन झालेली सायनॉलॉजी आणि २००४ मधली क्यूनॅप यांनी हाच विचार पुढे नेला. दोन किंवा चार डिस्कांचे खण, कमी विजेवर चालणारा प्रोसेसर आणि वेब पानावरची व्यवस्था ही त्यांच्या पेट्यांची ठरलेली मांडणी झाली.

२००४ मध्ये आलेली लिंक्सिसची एनएसएलयू२ ही पेटी या इतिहासात मोलाची आहे. तिच्यात डिस्क नव्हती. मागच्या दोन यूएसबी खोबणींत ग्राहकाने स्वतःच्या डिस्क जोडायच्या होत्या. यूएसबीची मांडणी करणाऱ्यांमध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले इंटेलचे अभियंते अजय भट्ट हे प्रमुख होते. स्वस्त बाह्य डिस्क कोणत्याही यंत्राला जोडता येणे, हा त्या मांडणीचा घरगुती साठ्याला झालेला मोठा फायदा. एनएसएलयू२मध्ये ३२ मेगाबाइट मेमरी आणि ८ मेगाबाइट कायमस्वरूपी जागा होती. आतली प्रणाली लिनक्सचीच असल्यामुळे हौशी मंडळींनी ती उघडून तिच्यावर डेबियन ही पूर्ण लिनक्स प्रणाली चालवून दाखवली. सुरुवातीच्या पेट्यांतील २६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर निम्म्या वेगावर बांधून ठेवलेला होता. सर्किटवरील एक बारीकसा रोधक काढला की तो पूर्ण वेगाने चाले. शंभर डॉलरच्या आतली, पंखा नसलेली, हाताच्या पंजाएवढी वस्तू सर्व्हरचे काम करू शकते, हे या पेटीने अनेकांना पटवून दिले.

मायक्रोसॉफ्टनेही या बाजारात पाऊल टाकले. बिल गेट्स यांनी जानेवारी २००७ मध्ये विंडोज होम सर्व्हरची घोषणा केली. लहानमोठ्या डिस्क एकत्र करून एकच साठा दाखवणारी आणि निवडलेल्या फोल्डरांच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कांवर ठेवणारी ‘ड्राइव्ह एक्स्टेंडर’ ही सोय घरासाठी फार सोयीची होती. पण काही कार्यक्रमांतून थेट सर्व्हरवरच्या फायली बदलल्या तर त्या खराब होऊ शकतात, असा दोष डिसेंबर २००७ मध्ये उघड झाला आणि दुरुस्ती यायला जुलै २००८ उजाडले. २०११च्या आवृत्तीत ही सोयच काढून टाकण्यात आली आणि त्यानंतर हे उत्पादन बंद पडले. सगळा साठा एकाच कंपनीच्या खास पद्धतीत अडकू नये, हा धडा त्यातून अनेकांनी घेतला.

सॉफ्टवेअर बदलते, हार्डवेअरची निवड बदलते

फ्रान्समधील ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये फ्रीनॅस ही प्रणाली प्रसिद्ध केली. पेन ड्राइव्हवरून सुरू होणारी, वेब पानावरून चालवता येणारी ही मोफत प्रणाली कोणत्याही साध्या संगणकाला तयार पेटीचे रूप देई. तिच्या विकासकांपैकी फोल्कर थाइले यांनी पुढे डेबियनवर आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट ही प्रणाली तयार केली. २००५ मध्येच अनरेड ही सशुल्क प्रणालीही आली. वेगवेगळ्या मापांच्या डिस्क एकत्र चालवणे आणि त्यांतील सर्वांत मोठी डिस्क तपासणीच्या अंकांसाठी राखणे, ही तिची पद्धत. जमतील तशा डिस्क विकत घेणाऱ्या कुटुंबाला ती सोयीची ठरली.

याच वर्षी सन मायक्रोसिस्टिम्सने झेडएफएस ही फाइल व्यवस्था खुली केली. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरेन्स हे तिचे प्रमुख रचनाकार. रेडचे गणित बंद पडलेल्या डिस्कपासून वाचवते. पण डिस्क चालू असताना तिने चुकीचे अंक परत दिले तर रेडला ते कळत नाही. झेडएफएस प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणी-बेरीज वेगळी लिहून ठेवते. वाचताना ती जुळली नाही, तर दुसऱ्या प्रतीवरून बरोबर तुकडा आणते आणि चुकलेला दुरुस्त करते. घरातील छायाचित्रे वर्षानुवर्षे उघडली जात नाहीत, त्यामुळे अशा मूक बिघाडाचा धोका तेथेच जास्त असतो.

झेडएफएस आल्यावर मेमरीच्या निवडीला महत्त्व आले. मेमरीतच अंक पालटला तर चुकीची माहिती बरोबर समजून डिस्कवर लिहिली जाईल. म्हणून चूक स्वतः सुधारणारी ईसीसी मेमरी घ्यावी, असा सल्ला रूढ झाला. साध्या संगणकांचे बोर्ड ही मेमरी सहसा चालवत नसत. २०१०च्या अखेरीस आलेल्या एचपीच्या प्रोलायंट मायक्रोसर्व्हरने ही उणीव भरून काढली. चार डिस्कांचे खण, ईसीसी मेमरीची सोय आणि १.३ गिगाहर्ट्झचा, कमी वीज खाणारा एएमडी प्रोसेसर असलेली ही छोटी पेटी खरे तर लहान कार्यालयांसाठी होती. ब्रिटनमध्ये तिच्यावर १०० पौंड परत मिळण्याची योजना होती, आणि तेथील अनेक घरांत ती पोहोचली.

क्लाउड घरी येतो

अॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस३ ही भाड्याच्या साठ्याची सेवा सुरू केली, ड्रॉपबॉक्स २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि गुगल ड्राइव्ह २०१२ मध्ये आले. फाइल एका जागी बदलली की सगळीकडे बदलावी, ही सवय लोकांना लागली. हीच सोय स्वतःच्या यंत्रावर मिळावी यासाठी जर्मन विकासक फ्रँक कार्लिचेक यांनी २०१० मध्ये ओनक्लाउड सुरू केले. २०१६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापासून वेगळे होऊन नेक्स्टक्लाउड उभारले. गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठा बंद केला, तेव्हा घरच्या सर्व्हरकडे वळणाऱ्यांना आणखी एक ठोस कारण मिळाले.

या बदलाने यंत्राकडून असलेल्या अपेक्षा वाढल्या. फायली पुरवायला दुबळा प्रोसेसरही पुरतो. वेब सेवा, डेटाबेस, छायाचित्रांतील चेहरे ओळखणे आणि मोबाइलला झेपेल अशा रूपात चित्रफिती बदलणे यांसाठी मात्र बळ लागते. स्वस्त पेटीत पुरेसे बळ आणि कमी वीज ही दोन्ही एकत्र हवी झाली.

विजेचा हिशोब

अखंड चालणाऱ्या यंत्राचा प्रत्येक वॅट वर्षाला ८.७६ युनिट वीज घेतो. काम नसतानाही ६० वॅट घेणारा जुना टॉवर संगणक वर्षाला सुमारे ५२५ युनिट जाळतो, तर १० वॅटची पेटी ८८. युनिटमागे १० रुपये धरले तर हा फरक वर्षाला ४,३०० रुपयांच्या वर जातो. म्हणजे फुकट मिळालेले यंत्र दोन-तीन वर्षांत नव्या पेटीपेक्षा महाग पडू शकते. फिरती साडेतीन इंची डिस्क एरवीही चार-पाच वॅट घेते. त्यामुळे चार छोट्या डिस्कांऐवजी दोन मोठ्या घेणे या हिशोबात बसते.

रास्पबेरी पाय हा एकाच सर्किट बोर्डवरचा संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये ३५ डॉलरला आला. शाळकरी मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे या हेतूने केंब्रिजमध्ये तो तयार झाला होता. अगदी कमी विजेवर चालत असल्याने त्याचा सर्व्हर करणे साहजिक होते. पण सुरुवातीच्या मॉडेलमध्ये नेटवर्क आणि डिस्क दोन्ही एकाच यूएसबी २.० मार्गावरून जात, त्यामुळे वेग मारला जाई. २०१९च्या चौथ्या मॉडेलला पूर्ण गिगाबिट नेटवर्क आणि यूएसबी ३.० मिळाले तेव्हा ही अडचण सुटली. नंतर २०२१ पासून सुट्या भागांच्या टंचाईत तो मूळ दरात मिळणे अवघड झाले.

त्या काळात लक्ष गेले ते कार्यालयांतील छोट्या संगणकांकडे. लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी ही जाड पुस्तकाच्या मापाची यंत्रे कंपन्या काही वर्षांनी शेकड्यांनी बदलतात. काम नसताना ती दहा वॅटच्या आसपास वीज घेतात. त्यांत साडेतीन इंची डिस्क मात्र बसत नाही. ती बाहेरून जोडावी लागते किंवा छोट्या एसएसडीवर भागवावे लागते. विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे त्याआधीच्या पिढ्यांची असंख्य यंत्रे कार्यालयांना निरुपयोगी ठरली. लिनक्सवर ती आणखी अनेक वर्षे काम देऊ शकतात. नव्या यंत्रांत २०२३ मध्ये आलेला इंटेलचा एन१०० हा चार गाभ्यांचा, ६ वॅट श्रेणीतील प्रोसेसर विशेष गाजला. तो बसवलेले छोटे संगणक आणि सहा डिस्कांची सोय असलेले चिनी बोर्ड यांनी स्वस्त, बळकट आणि कमी विजेची पेटी एकाच वेळी शक्य केली.

डिस्कचा बाजार आणि त्याचे धक्के

आजच्या घरगुती सर्व्हरमध्ये सर्वांत मोठा खर्च बहुधा पुन्हा डिस्कचाच असतो, आणि तिचा दर दूरवरच्या घटनांनी हलतो. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधील महापुरात वेस्टर्न डिजिटलचे कारखाने बुडाले आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. बॅकअपची सेवा देणारी बॅकब्लेझ ही कंपनी त्या काळात दुकानांतून बाह्य डिस्क विकत घेऊन, त्यांचे कवच फोडून आतल्या डिस्क वापरत होती, कारण कवचासकट मिळणारी डिस्क सुट्या डिस्कपेक्षा स्वस्त पडे. हौशी लोकांतही ही युक्ती रूढ झाली. त्यात हमीचा प्रश्न उभा राहू शकतो, हा तिचा तोटा. २०२१ मध्ये रिकाम्या साठ्यावर चालणाऱ्या चिया या आभासी चलनाने मोठ्या डिस्कांची टंचाई निर्माण केली. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढली आणि मेमरीचेही दर चढले.

डिस्कची जात पाहून घेणेही आवश्यक झाले. काही डिस्कांत छपरावरच्या कौलांप्रमाणे माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून लिहितात. तेवढ्याच जागेत जास्त माहिती बसते, पण एक पट्टी बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, खास सर्व्हरपेट्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (इंग्रजीतील लाल; वरच्या रेडशी संबंध नाही) या मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्क या प्रकारच्या असल्याचे उघड झाले. संच पुन्हा बांधताना त्या फार मंदावत. कंपनीने त्यानंतर जुन्या पद्धतीच्या डिस्कांना रेड प्लस असे वेगळे नाव दिले. मोठ्या डिस्कांच्या काळात संच पुन्हा बांधायला लागणाऱ्या वेळेला फार महत्त्व आहे. १२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगाने भरायची तरी सुमारे १७ तास लागतात, आणि तेवढा वेळ पाचव्या पातळीवरचा संच दुसऱ्या बिघाडासमोर उघडा असतो.

भारतातील परिस्थिती

भारतात संगणकाच्या आयातीवरील बंधने १९८४च्या संगणक धोरणाने सैल झाली. १९९०च्या दशकात दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळुरूचा एस. पी. रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, येथून सुटे भाग आणून ‘असेंबल्ड’ संगणक जोडून घेण्याची रीत पडली. घरगुती सर्व्हरसाठी लागणारे ज्ञान त्यामुळे येथे आधीपासून होते. कार्यालयांतून निघालेले छोटे संगणकही याच बाजारांत मिळतात.

भारतात दोन प्रश्न मात्र सोडवावेच लागतात. पहिला यूपीएसचा. लिहिणे चालू असताना वीज गेली तर साठा अर्धवट राहू शकतो. म्हणून यंत्राला नीट बंद होण्याइतका वेळ मिळाला पाहिजे. कमी वॅटच्या पेटीला लहान यूपीएसही पुरतो. दुसरा प्रश्न घराबाहेरून सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचा. अनेक इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात, त्यामुळे बाहेरून थेट जोडणी होत नाही. आयपीव्ही६ने किंवा मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलेल्या वायरगार्डसारख्या सुरक्षित बोगद्याने ती करता येते. त्यासाठी घराबाहेर पोहोचता येईल असे एक टोक लागते, वेगळे हार्डवेअर लागत नाही.

निवडीचा आजचा क्रम

या वाटचालीतून निवडीचा एक क्रम तयार झाला आहे. आधी साठा किती हवा आणि तो किती वर्षे पुरायला हवा हे ठरते, त्यावरून डिस्कांची संख्या. दोन डिस्क पुरत असतील तर दोन खणांची तयार पेटी किंवा जुना छोटा संगणक चालतो. चार किंवा अधिक लागत असतील तर अनेक खणांची पेटी अथवा एन१००सारखा प्रोसेसर असलेला बोर्ड घ्यावा लागतो. मग वीज मोजायची, आणि यंत्राच्या किमतीत पाच वर्षांचे बिल मिळवून तुलना करायची. नंतर मेमरी: केवळ फायलींसाठी ४ गिगाबाइटही भागते, नेक्स्टक्लाउड आणि छायाचित्रांच्या सेवेसाठी ८ किंवा १६ बरे. डिस्क विकत घेताना लिहिण्याची पद्धत आणि हमी तपासायची. संचातील सगळ्या डिस्क एकाच गठ्ठ्यातील नसाव्यात, कारण एकत्र बनलेल्या डिस्क एकत्र बिघडण्याची शक्यता असते.

शेवटचा खर्च दुसऱ्या प्रतीचा. रेड हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल संचातील सगळ्या डिस्कांवरून एकदमच जाते, आणि आग, चोरी किंवा खंडणीखोर विषाणू संचाला ओळखत नाहीत. छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी मांडलेला ३-२-१चा नियम येथे लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक प्रत घराबाहेर. नातेवाइकांकडे ठेवलेली एखादी बाह्य डिस्क किंवा भाड्याचा थोडासा क्लाउड साठा यांत ही बाहेरची प्रत सामावते. अंदाजपत्रक आखताना आधी या प्रतीचे पैसे बाजूला काढावेत आणि उरलेल्यात यंत्र बसवावे. म्हणजे स्वस्त यंत्र बिघडले तरी नुकसान यंत्रापुरतेच राहते.